तांदळाची पिठी

आमच्या कोल्हापुरात फुटबॉल हा नुसता खेळ नाही, तो भाऊबंदकीचाच एक रीतसर प्रकार आहे. पेठेपेठेत तालीम, तालमीतालमीचा संघ आणि संघासंघांत पिढीजात चुरस. आणि सामना जिंकला म्हणजे शाहू स्टेडियमपासून थेट पेठेपर्यंत गुलालाचा सडा! तेव्हा माझ्या नातवाने एके दिवशी भल्या सकाळी मला हलवून जागे केले आणि मोबाइलच्या पडद्यावर एका मैदानातला धुरळा दाखवून, “आजोबा, हे लोक पांढरं काय उधळतायत?” असे विचारले, यात नवल काही नव्हते. गुलाल त्याच्या अंगवळणी पडलेला, जेजुरीचा भंडाराही त्याने पाहिलेला. पांढरा गुलाल मात्र त्याला नवा होता.

मैदान रिओ द जानेरोचे होते आणि संघ फ्लुमिनेन्से. तांबडा, हिरवा आणि पांढरा अशा पट्ट्यांचे सदरे घातलेली हजारो माणसे पिशव्याच्या पिशव्या हवेत रिकाम्या करीत होती, आणि त्या ढगात प्रेक्षकांचा सज्जा दिसेनासा झाला होता.

“पो द आर्रोझ,” मी म्हणालो. “म्हणजे तांदळाची पिठी.”

“मोदकांची?”

“तसलीच. पण तोंडाला लावायची.”

तो हसला आणि पुन्हा सामन्याकडे वळला. तीस-बत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवण्यात गेल्यामुळे मला मात्र एवढ्यावर थांबवेना. ही पिठी प्रथम कोणाच्या तोंडाला लागली आणि कशी उतरली, ही हकीकत मला ठाऊक होती. आणि ती आठवली की प्रत्येक वेळी मला रिओच्या आधी आमचे जुने माळवदी घर आठवते. वाचकांनी रागावू नये. आधी त्या घरात घटकाभर डोकावून मग समुद्रापार जाऊ.

माझी थोरली बहीण, आम्ही सारे तिला आक्का म्हणतो, रंगाने सावळी. ‘सावळी’ हा शब्द आईचा. शेजारणी ‘काळी’ म्हणत, आणि आत्या स्थळांना पत्रे लिहिताना ‘निमगोरी’ लिहीत असे. एकाच मुलीचे एकाच आळीत तीन रंग! १९६२ सालच्या वैशाखात तिला पाहायला मंडळी यायची होती. आत्याने सकाळपासून आक्काला पुढ्यात घेतले. आधी दुधाची साय, मग हळद आणि बेसन, मग कसलेसे विकतचे मलम, आणि वर पावडरीचा जाड थर. “घाम आला तर पुसायचा नाही, टिपायचासुद्धा नाही,” असे तिने बजावले आणि आक्काच्या हातातला रुमाल काढून घेतला. आक्का पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली, पाटावर बसली, आणि वैशाखाने आपले काम केले. कानशिलापासून हनुवटीपर्यंत दोन काळसर ओघळ उतरले. मुलाचे मामा विनोदी होते. भिंतीला चुना चांगला लागला आहे, पण ओल वर आलेली दिसते, असे काहीसे ते बोलले. बैठक हसली. मी चौदा वर्षांचा होतो, दाराशी उभा होतो. मीही हसलो.

आता रिओ.

ब्राझीलने गुलामगिरी कायद्याने मोडली ती १३ मे १८८८ रोजी; उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या सर्व देशांत सर्वांत शेवटी. तोवर तीन शतकांत आफ्रिकेतून सुमारे ४८ लाख माणसे त्या किनाऱ्यावर बेड्या घालून उतरवली गेली होती. राजकन्या इझाबेलने सही केली, फुले उधळली गेली, आणि मोकळ्या झालेल्या माणसांना जमीन, शाळा किंवा भांडवल यांतले काहीही न देता सरकार घरी गेले. उलट युरोपातून गोरी माणसे आणून देश उजळवावा, असा विचार सुशिक्षितांत बळावला. रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक जुआंव बातिस्ता द लासेर्दा हे १९११ साली लंडनच्या जागतिक वंशपरिषदेला गेले आणि एका शतकाच्या आत ब्राझीलमधली काळी आणि मिश्र प्रजा नाहीशी होऊन सगळा देश गोरा होईल, असे भाकित त्यांनी आपल्या निबंधात मांडले. असल्या भाकितांचे एक बरे असते: ती खोटी ठरेपर्यंत भाकित करणारा जिवंत नसतो. २०२२ सालच्या शिरगणतीत तिथल्या दर शंभरांपैकी पंचेचाळीस लोकांनी स्वतःला मिश्रवर्णी आणि दहांनी काळे म्हणवले.

फुटबॉल तिथे पोचला तो याच उजळणीच्या काळात. चार्ल्स मिलर नावाचा तरुण, साव पावलोत जन्मलेला आणि साउदॅम्प्टनला शिकलेला, १८९४ साली परतला तेव्हा त्याच्या सामानात दोन चेंडू होते. रिओत ऑस्कर कॉक्स याने आपल्या मित्रांसह २१ जुलै १९०२ रोजी फ्लुमिनेन्से क्लब काढला. हाही स्वित्झर्लंडमध्ये शिकून आलेला. (त्याच आठवड्यात, २६ जुलैला, आमच्या शाहू महाराजांनी करवीर राज्यातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्यांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. दोन घटनांचा एकमेकींशी सुतराम संबंध नाही. पण कोल्हापूरकराला तारखा दिसल्या की राहवत नाही.)

लारांजेइरास मोहल्ल्यातले फ्लुमिनेन्सेचे मैदान म्हणजे बड्या घरांचा दिवाणखानाच होता. पुरुषांच्या गवती टोप्यांना क्लबच्या रंगाच्या फिती, बायकांच्या अंगावर पॅरिसच्या धर्तीचे झगे. सामना रंगात आला की या बायका हातातले रुमाल आणि मोजे पिळत, आणि त्या पिळण्यावरूनच ब्राझीलमध्ये प्रेक्षकांच्या पाठिराख्या समूहाला ‘तोर्सीदा’ हे नाव पडले असे सांगतात. खेळाडू हे याच घरांतले मुलगे. काळ्या माणसाला त्या सज्जात बसायला मज्जाव करणारी पाटी लावण्याची गरजच नव्हती. तिकिटाची किंमत, सभासदत्वाची शिफारस आणि दरवाजावरच्या माणसाची नजर एवढे पुरत असे.

शहराबाहेर बांगू येथे कापडगिरणी होती. तिथल्या इंग्रज तंत्रज्ञांना बावीस माणसे मिळेनात म्हणून त्यांनी मजुरांना खेळायला घेतले. १९०५ साली त्यांच्या संघात फ्रान्सिस्को कार्रेगाल हा काळा विणकर उभा असलेला आढळतो. दोन वर्षांनी रिओच्या साखळी मंडळाने ‘रंगाच्या माणसां’ची नोंदणी करायची नाही असा ठराव केला, आणि बांगूच्या मंडळींनी त्या मंडळातून अंग काढून घेतले. निरुपायाने केलेल्या गोष्टीतूनही माणसे कधी कधी ताठ कण्याने उभी राहतात, ती अशी.

आणि आता १९१४. रिओतल्या अमेरिका या क्लबातून कार्लोस अल्बेर्तो नावाचा मिश्रवर्णी खेळाडू फ्लुमिनेन्सेकडे आला. १३ मे रोजी, म्हणजे गुलामगिरीच्या अंताच्या वाढदिवशीच, त्याची जुन्या क्लबाशी गाठ पडली. पुढे काय झाले ते ब्राझीलमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कार्लोस अल्बेर्तोने तोंडाला पांढरी पावडर फासली होती. खेळ सुरू झाला, ऊन आणि धावपळ यांनी घाम फुटला, पिठी ओघळली, आणि खालचा माणूस दिसू लागला. अमेरिकाच्या पाठिराख्यांनी एकच गिल्ला केला: “पो द आर्रोझ! पो द आर्रोझ!”

ही गोष्ट जगाला सांगितली मारियो फिल्यो या पत्रकाराने, १९४७ साली ‘ब्राझीलच्या फुटबॉलमधील काळा माणूस’ अशा अर्थाच्या नावाच्या ग्रंथात. हा मोठा रसाळ लिहिणारा. रिओचे जगप्रसिद्ध माराकाना स्टेडियम आज अधिकृतरीत्या त्याच्याच नावाने ओळखले जाते. त्याच्या वर्णनात कार्लोस अल्बेर्तो कपडे बदलण्याच्या खोलीत बसून चेहऱ्यावर थरावर थर चढवतो; इतका, की रंग गोरा तर होत नाहीच, राखेसारखा करडा होतो. काळ्या-सावळ्या कातडीवर पांढरी पावडर कशी दिसते हे ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना हा तपशील मुद्दाम पटवून द्यावा लागणार नाही.

क्लबचे म्हणणे वेगळे आहे. ते म्हणतात, कार्लोस अल्बेर्तोची कातडी नाजूक. दाढी केल्यावर आग होई म्हणून तो पावडर लावी, आणि ही सवय त्याला अमेरिका क्लबात असल्यापासूनच होती. त्याच्या जुन्या दोस्तांना ती ठाऊक होती. तो सोडून गेला याचा राग त्यांनी त्या सवयीवर काढला, इतकेच.

इतिहासाच्या मास्तराला असा पेच फार आवडतो. मारियो फिल्योने लिहिले ते घटनेनंतर तेहेतीस वर्षांनी आणि पुष्कळसे ऐकीव माहितीवर. गोष्ट रंगवण्याचा मोह त्याला आवरत नसे, असे आजचे अभ्यासक म्हणतात, आणि ते वाचताना जाणवतेही. उलट क्लबला आपल्या अंगणातली ही घाण झाडून टाकण्याची निकड होती हेही उघड आहे. मी दोन्ही बाजू पुष्कळ दिवस तोलून पाहिल्या. शेवटी माझ्या ध्यानात आले की मी चुकीचा प्रश्न धरून बसलो आहे. दाढीसाठी असो की दडण्यासाठी, पावडर त्याने लावली होती यावर सगळ्यांचे एकमत आहे. प्रश्न सज्जातल्या लोकांचा आहे. त्या दिवशी मैदानावर गोरे खेळाडूही दाढी करूनच आले असतील, त्यांतल्या एखाद्याने पावडरही लावली असेल. त्याला पाहून कोणी ओरडले नाही. सावळ्या चेहऱ्यावरची पिठी ओघळताच मात्र हजारो माणसांना एकाच क्षणी, कोणी न समजावता, विनोद कळला. हा माणूस कुठे शिरू पाहतो आहे आणि तिथे शिरायला काय लागते, हे सगळ्यांना आधीच ठाऊक असल्याखेरीज असा विनोद कळत नाही. मामांचा विनोद आमच्या बैठकीला कळला, तसा. मला कळला, तसा.

आणि आणखी एक. या दोन्ही कथांत कार्लोस अल्बेर्तो स्वतः कुठेच बोलत नाही. एक कथा त्याला लाज देते, दुसरी त्याला पुटकुळ्या देते. बोलणे मात्र सज्जाचेच चालते.

पिठी हा एकच उपाय होता असे नाही. आर्थर फ्रीडेनराइखचे उदाहरण घ्या. जन्म १८९२, साव पावलो. वडील जर्मन वंशाचे व्यापारी, आई काळी. डोळे हिरवट, रंग निमगोरा (आत्याचा शब्द इथे अगदी चपखल बसतो), आणि केस कुरळे. त्या केसांनीच सारे उघडे पाडले असते. म्हणून सामन्याआधी हा गडी केसांना तेल-लोणी चोपडून, वर ऊन टॉवेल गुंडाळून बसे आणि केस सपाट झाल्याखेरीज बाहेर येत नसे. सगळ्यांत शेवटी मैदानात उतरणारा खेळाडू अशी त्याची ख्याती होती. खेळ मात्र असा की तेव्हाच्या ब्राझीलमध्ये त्याला जोड नव्हती.

१९१९ साली दक्षिण अमेरिकेची अजिंक्यपदाची स्पर्धा रिओत झाली, आणि तीही फ्लुमिनेन्सेच्याच मैदानावर. २९ मे रोजी उरुग्वेशी निर्णायक सामना. नव्वद मिनिटे झाली, गोल नाही. आणखी तीस मिनिटे दिली, गोल नाही. पुन्हा तीस दिली, आणि त्या तिसऱ्या खेपेच्या आरंभी फ्रीडेनराइखने चेंडू जाळ्यात मारला. सगळा मिळून दीडशे मिनिटांचा सामना! त्याचा बूट एका जवाहिऱ्याच्या दुकानात, हिऱ्या-माणकांच्या शेजारी, काचेआड मांडून ठेवण्यात आला. पिशिंगिन्या या काळ्या संगीतकाराने त्या विजयावर रचना केली. तिचे नाव ‘एक विरुद्ध शून्य’, आणि ती अजून वाजवली जाते. ज्या मैदानावर पाच वर्षांपूर्वी एका सावळ्या माणसाला पिठी लागत होती, त्याच मैदानावरच्या सावळ्या पायाची पादुका झाली.

पण पादुका पुजणे वेगळे आणि पंगतीला बसवणे वेगळे. दोनच वर्षांनी, १९२१ साली, स्पर्धा ब्वेनोस आइरेसला होती. आदल्या साली तिथल्या एका वर्तमानपत्राने ब्राझीलच्या खेळाडूंना माकडे म्हणून चितारले होते. यावर उपाय काय? राष्ट्राध्यक्ष एपितासिओ पेसोआ यांना संघात एकही काळा किंवा मिश्रवर्णी खेळाडू नको आहे, असे वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले. संघ गेला, त्यात फ्रीडेनराइख नव्हता, आणि अजिंक्यपद अर्जेंटिनाने मिळवले. देशाची अब्रू परदेशात जाताना गोरी असावी, एवढाच हा हिशेब. स्थळाला पाठवायचा फोटो काढताना आपण दिव्याची जागा बदलतो, त्यातलाच.

यावर लिमा बार्रेतो हा कादंबरीकार जे तडकला ते वाचण्यासारखे आहे. तो स्वतः मिश्रवर्णी. जन्म १३ मे १८८१. आपल्या सातव्या वाढदिवशी वडिलांचे बोट धरून तो मुक्तीचा सोहळा पाहायला गेला होता. त्याने साप्ताहिकात लिहिले त्याचा मतलब असा, की फुटबॉलवर खर्च होणारा कर काळ्यांकडून घेताना सरकारला त्या पैशाचा रंग दिसत नाही. आणि आमचा सूड एवढाच की अर्जेंटिनावाल्यांना आमच्यातले रंग मुळीच ओळखू येत नाहीत, त्यांच्या लेखी आम्ही सगळेच माकडे. पुढच्याच वर्षी तो वारला. मला त्याचे हे वाक्य उपासासारखे लागते. पोट रिकामे असताना जास्त समजते.

दरवाजा उघडला तो आतल्यांनी नव्हे. रिओतल्या पोर्तुगीज दुकानदारांचा एक नौकानयनाचा क्लब होता, १८९८ साली स्थापन झालेला, नाव वास्को द गामा. (होय, गोव्याच्या वास्को गावाला ज्याचे नाव आहे तोच. १४९८ च्या प्रवासाची चारशे वर्षे म्हणून हे नाव ठेवले. कालिकतला तोफा डागणाऱ्याच्या नावाखाली काळ्यांची कड घेतली जावी, हा इतिहासाचा खास आपला विनोद.) या क्लबाने १९०४ सालीच एका मिश्रवर्णी माणसाला अध्यक्ष निवडले होते. १९२३ साली त्यांचा फुटबॉल संघ वरच्या श्रेणीत आला तो टॅक्सी चालवणारा गोलरक्षक, भिंती रंगवणारा, गोदीत ओझी वाहणारा असली माणसे घेऊन. काळे, मिश्र, गरीब गोरे, सगळ्यांची सरमिसळ. आणि पहिल्याच वर्षी या संघाने रिओचे अजिंक्यपद पटकावले.

बड्या क्लबांना हा घाव सोसवला नाही. आमचा संघ हरला असे म्हणायचे नाही, नियम अपुरे आहेत असे म्हणायचे, ही रीत जगभर एकच. खेळाडूला लिहिता-वाचता आले पाहिजे, त्याने सामन्याच्या कागदावर स्वतःची पूर्ण सही केली पाहिजे, तो कुठे नोकरी करतो याची चौकशी झाली पाहिजे. वास्कोने आपल्या लोकांना सही गिरवायला शिकवले. तेव्हा १९२४ साली फ्लुमिनेन्से, फ्लामेंगो, बोताफोगो वगैरेंनी नवीनच मंडळ काढले आणि वास्कोला कळवले की बारा खेळाडू वगळाल तर प्रवेश मिळेल. ७ एप्रिल १९२४ रोजी वास्कोचे अध्यक्ष जुझे आउगुस्तो प्रेस्तेस यांनी उत्तर पाठवले. ते थोडक्यात असे, की ज्यांनी आम्हांला विजय मिळवून दिला त्या तरुणांचा बळी देऊन आम्हांला आत यायचे नाही. कागद आहे छोटासाच; पण वास्कोची माणसे आज त्याला ‘ऐतिहासिक उत्तर’ म्हणतात आणि चौकटीत लावतात. पुढल्याच वर्षी त्यांना खेळाडूंसकट आत घ्यावे लागले. मैदान नाही हे एक निमित्त होते, म्हणून त्यांनी वर्गणी काढून १९२७ साली स्वतःचे भले थोरले स्टेडियम बांधले.

आपल्याकडे त्याच १९२३ साली मुंबईच्या चौरंगी क्रिकेट सामन्यांत हिंदू संघाचा कप्तान होता पळवणकर विठ्ठल. त्याचा थोरला भाऊ बाळू १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊन आला होता. पण पुण्यात हिंदू संघातून खेळताना चहाच्या वेळी त्याला मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या पेल्यात चहा मिळे. जातीला लावता येईल अशी पिठी अजून निघालेली नाही. बाळूने चेंडू टाकला आणि वाट पाहिली. कप्तानपद त्याला कधीच दिले गेले नाही, ते धाकट्या भावाला मिळाले.

ब्राझीलमध्ये १९३३ साली पगारी फुटबॉल अधिकृत झाला आणि चमत्कार घडला: काळ्या खेळाडूंना दरवाजे उघडले. पण यातली मेख मारियो फिल्योने बरोबर पकडली आहे. आता खेळाडू हा क्लबचा सभासद उरला नाही, नोकर झाला. आणि नोकराला घरात घ्यायला कोणाचीच हरकत नसते. तो मैदानातून येऊन मैदानातून जाईल, नाचाच्या दालनात येणार नाही. याच काळात लेओनिदास द सिल्वा गाजला. १९३८ च्या विश्वचषकात सात गोल केले, ‘काळा हिरा’ या त्याच्या टोपणनावाने चॉकलेट निघाले, ते आजही दुकानात मिळते. गिल्बेर्तो फ्रेयरे या समाजशास्त्रज्ञाने तर ब्राझीलच्या खेळाचे सारे लालित्य मिश्रवर्णातून आले आहे असा सिद्धांत मांडला. लासेर्दा ज्यांना पुसून टाकायला निघाला होता त्यांच्यावर सत्तावीस वर्षांत आरती ओवाळली गेली.

पण आरतीच्या तबकातही पिठी होतीच. मारियो फिल्यो एक प्रसंग सांगतो. पन्नासच्या सुमारास फ्लुमिनेन्सेत रोब्सन नावाचा काळा खेळाडू होता. क्लबच्या मंडळींबरोबर तो एकदा मोटारीने चालला असता दारू प्यालेले एक काळे जोडपे आडवे आले, आणि गाडीतल्या एका खेळाडूने त्यांच्या रंगावरून शिवी हासडली. रोब्सनने त्याला हळूच आवरले. असे बोलू नको, तो म्हणाला; मीही एके काळी काळा होतो, ते काय असते मला माहीत आहे. एके काळी! पगार आला, नाव झाले, क्लबची मोटार आली, आणि माणूस भूतकाळात काळा राहिला. तोंडाला बोटभरही पावडर न लावता.

ही मोटार कधीही खाली उतरवते, हे १६ जुलै १९५० रोजी दिसले. माराकानात पावणेदोन लाखांवर माणसे जमली असताना ब्राझील उरुग्वेकडून १-२ असा हरला, आणि देशाने दोष ज्या तिघांच्या माथी मारला ते बार्बोझा, बिगोदे आणि जुवेनाल, तिघेही काळ्या रक्ताचे. विजयी उरुग्वेचा कप्तान ओब्दुलिओ व्हारेला हाही सावळाच होता, हे त्या रागात कोणाला आठवले नाही. गोलरक्षक बार्बोझा २००० साली वारला. या देशात मोठ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची आहे, मी मात्र पन्नास वर्षे भोगतो आहे, असे तो म्हणत असे.

अलीकडचे थोडक्यात सांगतो, कारण ते तुमच्या मुलानातवंडांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. २००५ साली रोनाल्डो, ज्याने २००२ चा विश्वचषक जिंकून दिला, काळ्यांच्या अपमानाबद्दल बोलताना ‘मी गोरा असूनही मला याचे दुःख होते’ अशा अर्थाचे बोलून गेला. त्याच्या वडिलांना खुलासा करावा लागला की मुलगा काळाच आहे. २०१० साली कोवळ्या नेयमारला कोणी विचारले, वर्णावरून तुला कधी त्रास झाला का? छे, तो म्हणाला, मी काळा थोडाच आहे! दहा वर्षांनी, २०२० साली, पॅरिसच्या मैदानावर एका प्रतिस्पर्ध्याशी रंगावरून खटका उडाला, आणि त्याच नेयमारने जाहीरपणे लिहिले की मी काळा, माझा बाप काळा, आजा-पणजा काळा. पिठी ओघळायला दहा वर्षे लागली. घाम मात्र तोच. बेसबॉलमधला डोमिनिकन वीर सॅमी सोसा २००९ साली एका समारंभात एकाएकी फिकट गोरा होऊन आला तेव्हा, रात्री निजताना चेहऱ्याला मलम लावतो, असे त्याने सांगितले. जग त्यालाही हसले. त्याच्या देशात पिढ्यान् पिढ्या सावळ्या माणसाच्या ओळखपत्रावर ‘इंडिओ’ असा रंग लिहीत, म्हणजे आफ्रिकेचा उच्चार नको. हे हसणाऱ्यांना माहीत नव्हते.

ब्राझीलच्या सरकारी पाहणीत १९७६ साली लोकांना सांगितले, तुमचा रंग तुमच्याच शब्दांत सांगा. एकशे तीसहून जास्त रंग निघाले! दालचिनीचा, दुधाच्या कॉफीचा, करपलेला, जवळजवळ गोरा. आपण यावर हसण्याआधी रविवारची वधूवरांची पाने उघडावीत: गोरा, उजळ, गहूवर्णी, निमगोरा, सावळा. कसोटी खेळलेल्या अभिनव मुकुंदने २०१७ साली लिहिले की पोरवयापासून उन्हात खेळून रापलेल्या रंगावरून लोकांनी त्याला टोचले आहे. ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम आपल्याकडे १९७५ साली आले आणि त्याच्या नावातून गोरेपणा निघाला तो २०२० साली. डबी तीच.

आता पुन्हा त्या पांढऱ्या ढगाकडे. ‘पो द आर्रोझ’ ही आरोळी एका माणसावरून साऱ्या क्लबला चिकटली, आणि पुढे क्लबच्या लोकांनी ती अंगाला लावून घेतली. ज्या नावाने चिडवता तेच आमचे निशाण, असे म्हणून त्यांनी पावडर उधळायला सुरुवात केली. आज ती उधळणाऱ्यांत सगळ्या रंगांचे लोक असतात. ढग खाली बसला की घटकाभर सगळेच करडे दिसतात. नातवाला हे फार आवडले. मला ते आवडले की नाही हे अजून ठरत नाही. सज्जाने आपली थट्टा धुऊन तिचा सण केला. ज्याच्या तोंडाला ती लागली होती त्याला कोणी विचारले नाही.

हा लेख छापायला देण्यापूर्वी आक्काला वाचून दाखवला. तिच्याविषयी लिहिले आहे, तेव्हा तिची परवानगी हवी. ती आता चौऱ्याऐंशीची आहे. पुढे ती शिकली, मुख्याध्यापिका झाली, तिच्या मनासारखे लग्नही झाले. मामांचे ते स्थळ मोडले हे उत्तमच झाले असे घरात सगळे म्हणतात. मी दाराशी उभा राहून हसलो होतो, हे वाक्य वाचताना माझा आवाज जरा खाली आला. तिने ते ऐकले की नाही, कळले नाही. डोळे मिटून ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

“तो मुलगा,” मग ती म्हणाली, “कार्लोस का कोण. त्यालाही सांगितलं होतं का रे कोणी, घाम पुसायचा नाही म्हणून?”